दम

जलीबमध्ये आधी शिरायचं नाही, असा नियम आहे.
पोलिसांची गाडी पुढे, मग आम्ही.
तोवर गोल चौकात उभं राहायचं
दिवे विझवून, इंजिन चालू ठेवून,
एसीचं पाणी डांबरावर ठिबकत.

मागच्या रमजानात बावीस नंबरच्या गाडीवर वीट आली,
ऑक्सिजनचा सिलिंडर गेला, स्ट्रेचरही गेलं.
स्ट्रेचर कशाला नेलं असेल, म्हणून हमदी अजून हसतो.
मी हसत नाही. त्या गाडीवरच्या पोराच्या
भुवईत सात टाके आहेत,
हा नियम त्या टाक्यांतून आलाय.

दोन वाजून दहा मिनिटांनी कंट्रोलचा निरोप:
इद्रीस, भाषा कळत नाही, तुमच्याकडची वाटते, जोडून देतो.
आणि कानात एकदम,
"सायेब, रगत थांबंना."

रगत.
अकरा वर्षं झाली मला इथे.
रिपोर्टात इंग्रजी, गाडीत अरबी,
घरी फोनवर आमची दाभोळची बोली.
हा शब्द कुणी माझ्याकडे टाकला नव्हता.

पत्ता काय? तर तांबड्या टाकीमागं,
सलूनच्या वर, तिसरा जिना, लाईट न्हाई.
कशावरून झालं? पलंगावरनं.
एक पलंग, दोघांचा, पाळीपाळीनं.
रातपाळीवाला लवकर आला.

मग त्यानं विचारलं, "पोलीस येनार व्हय?
माझा अकामा संपलाय."
मी म्हणालो, टॉवेल घ्या, चौघडी करा,
दोन्ही तळवे ठेवा, कोपरं ताठ,
भाकरीचं पीठ रगडता तसं अंग टाका.
आणि काही झालं तरी दाब काढू नका.

"किती येळ?"
येतोच.
दोनशे मीटरवर होतो आम्ही.
त्याच्या गल्लीतलं कुत्रं
फोनमधूनही भुंकत होतं, खिडकीतूनही,
फोनमधलं जरा उशिरा.

"दम धर," मी म्हणालो, "दम धर."
हमदीनं मान वळवली. "दम? कितीर?"
त्यांच्यात रक्ताला दम म्हणतात.
पुष्कळ आहे का, विचारत होता तो.
मी हो म्हणालो.
आपल्याकडे त्याला काय म्हणतात
ते समजावायला वेळ नव्हता,
किंवा होता, अकरा मिनिटं होता,
पण मी निळ्या दिव्याकडे डोळे लावून बसलो होतो.

दिवा आला. फोनमध्ये पलंग करकरला,
काहीतरी जड ओढल्यासारखं वाजलं,
चपला.
मग नुसता एक श्वास, पातळ, त्याचा नव्हे.

दार उघडं. आठ पलंग, माणूस एकच, फरशीवर.
पोटावर टॉवेलची चौघडी,
तिच्यावर दहा किलो तांदळाचं पोतं,
नेमकं बसवलेलं, सरकू नये म्हणून
पट्ट्यानं आवळलेलं.
जखमीच्या कानाशी फोन, चालू,
आणि त्यातून मला मी ऐकू आलो.

मी हात घातला तेव्हाच हमदीनं पोतं उचललं.
दाब निघाला नाही.

फोन कुणाचा, पोलिसानं विचारलं.
माझ्या हाताखाली ते ऊबदार, चिकट.
मी म्हणालो, याचाच असणार.
फोन कुणी केला?
यानंच. दम होता तोवर बोलत होता.
त्यानं तसं लिहून घेतलं.
एक नंबर तपासला तर सगळं निघेल,
हे त्यालाही माहीत होतं, मलाही.
पहाटेचे पावणेतीन. त्यानं वही मिटली.

फरवानियाच्या दारात नाडी लागत होती.
पुढचं आम्हाला कळवत नाहीत.

सकाळी गाडी धुताना
स्ट्रेचरच्या चाकात तांदळाचे दाणे सापडले,
पाचसहा, काही पांढरेच राहिलेले.
हमदी म्हणाला, पाण्याचा फवारा मार.
मी नख घालून एकेक काढत बसलो,
आणि काढून कुठे ठेवायचे ते सुचेना.